न जुळणारे पर्याय आणि डेटाबेसची तपासणी

डेटाबेसच्या एकाच कमांडला अनेक पर्याय जोडता येतात, आणि त्यांतले काही एकत्र चालत नाहीत. कधी दोन पर्याय परस्परविरोधी काम सांगतात: एक म्हणतो फक्त टेबलांची रचना काढा, दुसरा म्हणतो फक्त आतली माहिती काढा. कधी एक पर्याय दुसऱ्यावाचून निरर्थक असतो. कधी दोन्ही पर्याय आपापल्या जागी रास्त असतात, पण ते एकत्र वापरण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी अजून लिहिलेली नसते. अशी जोडी समोर आली की सॉफ्टवेअरने एक ठाम उत्तर द्यावे आणि तेच उत्तर सगळीकडे द्यावे, एवढीच अपेक्षा असते. ती पुरी होणे वाटते तितके सोपे नाही. पुढची उदाहरणे मुख्यतः पोस्टग्रेस या डेटाबेसची आहेत, कारण त्याचा कोड खुला आहे आणि कोणती जोडी का नाकारली हे त्यात कोणालाही वाचता येते.

न जुळणाऱ्या जोडीला सॉफ्टवेअर तीन प्रकारे सामोरे जाते. पहिला प्रकार नकाराचा: एरर देऊन कमांड तिथेच थांबते. दुसऱ्यात वॉर्निंग येते, एक पर्याय बाजूला पडतो आणि उरलेले काम होते. तिसऱ्यात काहीच बोलले जात नाही. पर्याय वाचला जातो आणि सोडून दिला जातो. तिन्हींत तिसरा प्रकार सर्वांत घातक, कारण आपण सांगितले ते झाले असे समजून वापरणारा पुढे जातो.

या तिसऱ्या प्रकाराचे एक उदाहरण गावाकडचे घेऊ. शिरूर तालुक्यातले वडगाव रासाई भीमेच्या काठी आहे. ऊस आणि दूध हे या पट्ट्याचे रोजचे व्यवहार. अशा गावातल्या एखाद्या दूध संकलन केंद्राचे टेबल उदाहरणादाखल घेता येईल. त्यात उत्पादकाचा कोड, तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर एवढे कॉलम आहेत असे समजू. फॅट २ ते १२ च्या बाहेर जाऊ नये म्हणून टेबल बनवतानाच त्या कॉलमवर चेकची अट घातली. मायएसक्यूएलच्या ८.०.१६ पूर्वीच्या आवृत्त्या ही अट कुरकुर न करता वाचत आणि सोडून देत. टेबल तयार झाल्याचा संदेश येई. पुढे कोणी ६.५ ऐवजी ६५ टाकले तरी ती नोंद आत जाई आणि दहा दिवसांच्या बिलात उतरे. अट लिहिणारा माणूस निर्धास्त, बिल काढणारा माणूस निर्धास्त, आणि चूक दोघांच्या मधून निघून गेलेली. २०१९ मध्ये आलेल्या ८.०.१६ आवृत्तीपासून मायएसक्यूएल ही अट खरोखर पाळू लागले.

एसक्यूलाइटमध्ये प्रॅग्मा नावाच्या सूचनांचे असेच आहे. नाव चुकीचे लिहिले तर एरर येत नाही. अनोळखी प्रॅग्मा सरळ सोडून दिला जातो, आणि तसे त्यांच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे. फॉरेन की पाळण्याचा प्रॅग्मा चालू करताना एक अक्षर चुकले तर फॉरेन की पाळली जात नाही आणि कोणी सांगतही नाही. म्हणून एसक्यूलाइट वापरणाऱ्याने प्रॅग्मा दिल्यावर त्याची किंमत लगेच परत विचारून घ्यावी. एक ओळ जास्त लिहावी लागते, पण खात्री मिळते.

नकार हवा हे ठरले, तरी नकार एकसारखा कसा ठेवायचा हा प्रश्न उरतो. त्याचा उत्तम धडा पोस्टग्रेसच्या व्हॅक्यूम कमांडने २०२० मध्ये दिला.

पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली किंवा पुसली तरी जुनी ओळ लगेच नाहीशी होत नाही. ती मृत ओळ म्हणून टेबलात राहते आणि व्हॅक्यूम ती जागा पुन्हा वापरण्याजोगी करतो. साधा व्हॅक्यूम चालू असताना टेबलात नोंदी करता येतात. ‘फुल’ पर्याय दिला की काम वेगळेच होते: पूर्ण टेबल नव्या फाइलमध्ये पुन्हा लिहिले जाते, तेवढी जास्तीची जागा डिस्कवर लागते आणि ते संपेपर्यंत टेबलाला पूर्ण कुलूप असते, वाचनालासुद्धा. सकाळी संकलनाच्या वेळी कोणी हे चालवले तर पहिल्याच किटलीला स्क्रीन अडकते आणि रांग बाहेरपर्यंत जाते.

१३व्या आवृत्तीत व्हॅक्यूमला ‘पॅरलल’ हा पर्याय मिळाला. मासाहिको सावादा आणि अमित कपिला यांचे हे काम. टेबलाचे इंडेक्स साफ करण्याचे काम अनेक प्रक्रियांत वाटता येऊ लागले. एका इंडेक्सला फार तर एक प्रक्रिया. पर्याय दिला नाही तर किती प्रक्रिया घ्यायच्या हे सर्व्हर स्वतः ठरवतो. शून्य दिला की वाटणी बंद. साध्या व्हॅक्यूमसाठी ही सोय होती, ‘फुल’साठी नव्हती. म्हणून दोन्ही एकत्र आले तर नाकारायचे असे ठरले. इथवर सगळे ठीक होते.

ही आवृत्ती तयार होत असताना एप्रिल २०२० मध्ये चाचणीत एक विसंगती दिसली. ‘पॅरलल १, फुल ०’ दिले तर कमांड चालत होती. ‘पॅरलल ०, फुल १’ दिले तर एरर येत होता. अर्थ पाहिला तर दोन्ही ओळींत एक पर्याय चालू आणि दुसरा बंद आहे. संघर्ष कुठेच नाही. तरी एक चालते आणि दुसरी अडते. कारण तपासणीत होते. ‘फुल’च्या बाबतीत त्याची किंमत पाहिली जात होती, तर ‘पॅरलल’च्या बाबतीत तो शब्द लिहिला आहे की नाही एवढेच. दुरुस्ती छोटी होती: जी जोडी खरोखर चालवता येत नाही तीच नाकारायची, म्हणजे ‘फुल’ चालू आणि ‘पॅरलल’ शून्याहून मोठा असेल तेव्हाच. सप्टेंबर २०२० मध्ये १३वी आवृत्ती बाहेर पडली ती याच नियमासह.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते असे कोणाला वाटेल. हाताने कमांड लिहिणारा माणूस ‘फुल ०’ असे सहसा लिहीत नाही. नको तो पर्याय तो वगळतो. पण आज बहुतेक कमांड माणूस लिहीत नाही, स्क्रिप्ट लिहिते. आणि स्क्रिप्ट अनेकदा प्रत्येक पर्याय त्याच्या किमतीसह लिहिते, चालू असो वा बंद. लहान मशीनवर इतर कामे अडू नयेत म्हणून ज्याच्या स्क्रिप्टमध्ये ‘पॅरलल ०’ कायमचे आहे, त्याला महिन्यातून एकदा ‘फुल’ चालवताना विनाकारण अडवले गेले असते. यातून पहिला नियम निघतो: पर्याय लिहिला आहे का हे पाहून निकाल देऊ नये, सगळे पर्याय वाचून त्यांच्या अंतिम किमती ठरल्यावर द्यावा.

हाच नियम पोस्टग्रेसच्याच एका साधनात पाळलेला आणि दुसऱ्यात मोडलेला दिसतो. बॅकअप काढणाऱ्या पीजी डम्पमध्ये एकाच वेळी अनेक जॉब चालवणे फक्त डिरेक्टरी स्वरूपातच शक्य आहे. दुसऱ्या स्वरूपाबरोबर चार जॉब मागितले तर नकार मिळतो. एक जॉब मागितला तर चालते, कारण एका जॉबला वाटणी लागतच नाही. हे योग्य. उलट व्हॅक्यूमडीबी हे बाहेरून व्हॅक्यूम चालवणारे साधन ‘फुल’बरोबर ‘पॅरलल’ नाकारते, किंमत शून्य असली तरी. सर्व्हर जे मान्य करतो ते त्याचेच साधन नाकारते. नुकसान मोठे नाही. पण साधनाने दिलेला एरर पाहून सर्व्हरवरही ही जोडी बंद आहे असा समज करून घेऊ नये. सर्व्हरचा निकाल हवा असेल तर कमांड थेट सर्व्हरलाच द्यावी.

किंमत पाहावी हे खरे, पण ती किंमत आली कुठून हेही कधी कधी पाहावे लागते. क्वेरीची योजना दाखवणाऱ्या एक्स्प्लेन कमांडचा ‘टायमिंग’ पर्याय याचे चांगले उदाहरण. प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला हे तो दाखवतो, आणि वेळ मोजायचा तर क्वेरी खरोखर चालवली पाहिजे, म्हणजे ‘अ‍ॅनलाइझ’ हवे. ‘अ‍ॅनलाइझ’ दिले की ‘टायमिंग’ आपोआप चालू होते, नाही दिले तर आपोआप बंद राहते. कोणी ‘अ‍ॅनलाइझ’ न देता ‘टायमिंग’ मुद्दाम चालू केले तर मात्र एरर येतो. तेच ‘टायमिंग’ मुद्दाम बंद केले तर काही अडत नाही. चार शक्यतांपैकी एकच चूक आहे आणि तीच पकडली जाते. इतकी नेमकी तपासणी जमते, कारण हा पर्याय वापरणाऱ्याने लिहिला होता की नाही याची वेगळी नोंद कोडमध्ये ठेवलेली असते.

एका सर्व्हरवरची टेबले दुसऱ्या सर्व्हरवर सतत उतरवून घेण्यासाठी सब्स्क्रिप्शन तयार करतात, तिथे ही नोंद आणखी कामाची ठरते. ‘कनेक्ट’ बंद ठेवून सब्स्क्रिप्शन बनवले तर मूळ सर्व्हरशी बोलणेच होत नाही. मग तिथे स्लॉट, म्हणजे आपल्यासाठी बदल राखून ठेवणारी जागा, तयार करणे, सुरुवातीची माहिती आणणे आणि लगेच चालू करणे ही तिन्ही कामे अशक्य. एरवी ही तिन्ही आपोआप चालू असतात; ‘कनेक्ट’ बंद केले की त्यांच्या मूळ किमतीही बंदवर जातात आणि एरर येत नाही. पण ‘कनेक्ट’ बंद करून शिवाय ‘स्लॉट तयार करा’ असे मुद्दाम लिहिले, तर हे दोन पर्याय एकत्र चालणार नाहीत असे स्पष्ट सांगितले जाते. न मागितलेली गोष्ट गुपचूप बदलली तर चालते, मागितलेली बदललेली चालत नाही. पर्यायांच्या तपासणीत याहून महत्त्वाची रेषा दुसरी नाही.

स्लॉटच्याच बाबतीत पोस्टग्रेस एक पाऊल पुढे जाते. स्लॉटचे नाव ‘नन’ दिले आणि चालू करण्याचा पर्यायही मुद्दाम दिला, तर दोन्ही एकत्र चालत नाहीत असा संदेश येतो. चालू करण्याबद्दल काहीच लिहिले नसेल तर संदेश बदलतो: स्लॉट ‘नन’ असेल तर सब्स्क्रिप्शन बंद ठेवण्याचेही लिहा. पहिल्या माणसाने दोन विसंगत गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याची एक लिहायची राहिली. दोघांना आपापल्या चुकीप्रमाणे उत्तर मिळाले. वापरणाऱ्याचा विचार करून लिहिलेला कोड असा असतो.

क्रम आणि पुनरुक्ती यांत मात्र शिस्त अजून सैल आहे. पोस्टग्रेसच्या कॉपी कमांडमध्ये एकच पर्याय दोनदा लिहिला तर एरर येतो. एक्स्प्लेन आणि व्हॅक्यूममध्ये तसे होत नाही. शेवटी लिहिलेले खरे मानले जाते. ‘अ‍ॅनलाइझ’ आधी चालू आणि पुढे बंद असे लिहिले तर क्वेरी चालवली जात नाही. मायएसक्यूएल डम्प या बॅकअपच्या साधनातही क्रमाला किंमत आहे. तिथला ‘ऑप्ट’ हा अनेक पर्यायांचा गठ्ठा मुळातच चालू असतो. तो ‘स्किप ऑप्ट’ लिहून आधी बंद केला आणि मग त्या गठ्ठ्यातले हवे ते दोन पर्याय पुढे लिहिले तर ते दोन लागू होतात. तेच दोन पर्याय आधी लिहून शेवटी ‘स्किप ऑप्ट’ लिहिले तर दोन्ही पुसले जातात आणि एकही संदेश येत नाही. म्हणून गठ्ठ्याचा पर्याय नेहमी पहिला लिहावा, सुटे पर्याय त्यानंतर. आणि कोणत्याही डेटाबेसमध्ये एकच पर्याय दोनदा लिहू नये. एके ठिकाणी ते चालले म्हणून दुसरीकडे चालेल असे नाही.

रोजच्या कामात कॉपी कमांडचे नकार वारंवार भेटतात, म्हणून तिच्याकडे जरा थांबून पाहावे. ही कमांड टेबलातली माहिती फाइलमध्ये काढते आणि फाइलमधली टेबलात भरते. फाइलचे स्वरूप तीनपैकी एक: टेक्स्ट, सीएसव्ही किंवा बायनरी. बायनरीत रकान्यांच्या मधे स्वल्पविराम वगैरे काही नसतेच, त्यामुळे विभाजक चिन्ह, रिकाम्या किमतीचे चिन्ह आणि शीर्षकाची ओळ हे तिन्ही पर्याय तिथे नाकारले जातात. अवतरणचिन्ह कोणते हे सांगणारा पर्याय फक्त सीएसव्हीत चालतो. शीर्षकाच्या ओळीचा नियम काळाप्रमाणे बदलला: पूर्वी ती फक्त सीएसव्हीत चाले, १५व्या आवृत्तीपासून टेक्स्टमध्येही चालते. पर्यायांच्या जोडीखेरीज किमतींची टक्करही तपासली जाते. विभाजक आणि अवतरण एकच चिन्ह असू शकत नाही, आणि रिकाम्या किमतीसाठी दिलेल्या मजकुरात विभाजक चिन्ह येऊ शकत नाही.

दूध केंद्राच्या टेबलात याचा अर्थ असा. एका उत्पादकाने संध्याकाळचे दूध घातले नाही, म्हणून फॅटचा रकाना रिकामा आहे. पत्त्याच्या रकान्यात ‘वडगाव रासाई, ता. शिरूर’ असा स्वल्पविरामासह मजकूर आहे. सीएसव्ही काढली तर पत्ता आपोआप अवतरणांत जातो आणि रिकामा फॅट दोन स्वल्पविरामांच्या मधली मोकळी जागा म्हणून उतरतो. इथवर ठीक. ती फाइल कोणी स्प्रेडशीटमध्ये उघडून परत जतन केली आणि त्या प्रोग्रॅमने प्रत्येक रकान्याला अवतरण लावले, की रिकामा फॅट आता अवतरणांतला रिकामा मजकूर झाला. अंकांच्या कॉलमला तो चालत नाही आणि फाइल आत जाताना अडते. यावर ‘फोर्स नल’ हा पर्याय आहे: दिलेल्या कॉलममध्ये अवतरणांतली रिकामी जागाही रिकामीच मानावी. हा पर्याय फक्त सीएसव्हीत आणि फक्त फाइल आत घेताना चालतो. माहिती बाहेर काढताना तो लिहिला तर एरर येतो, आणि तो यायलाच हवा, कारण बाहेर काढताना त्याला करण्यासारखे काही नाही. ‘फ्रीझ’ नावाचा दुसरा पर्यायही फक्त आत घेतानाचाच. पण जुन्या आवृत्त्या तो बाहेर काढतानाही मुकाट्याने स्वीकारत आणि अलीकडच्या आवृत्त्या नाकारतात. एकाच कमांडच्या दोन सख्ख्या पर्यायांना इतकी वर्षे दोन न्याय लागत होते.

नकार कधी द्यावा हेही ठरलेले असावे: काम सुरू होण्याआधी. पीजी डम्पला ‘फक्त रचना’ आणि ‘फक्त माहिती’ एकत्र सांगितले, किंवा जुन्या वस्तू आधी काढून टाकण्याचा ‘क्लीन’ न देता त्याला जोडून येणारा ‘असेल तर’ हा पर्याय दिला, तर डेटाबेसशी जोडणी करण्याआधीच ते थांबते. अर्धे काम करून थांबणाऱ्या साधनापेक्षा हे कितीतरी बरे. मात्र काही विसंगती आधी कळतच नाहीत. तात्पुरत्या टेबलावर पॅरलल व्हॅक्यूम चालत नाही, पण पूर्ण डेटाबेसचा व्हॅक्यूम करताना वाटेत कोणती टेबले येतील हे कमांड वाचताना ठाऊक नसते. एका तात्पुरत्या टेबलासाठी सगळा व्हॅक्यूम बंद पाडणे चुकीचे ठरले असते, म्हणून तिथे पोस्टग्रेस वॉर्निंग देते, त्या टेबलापुरता पर्याय बाजूला ठेवते आणि पुढे जाते. वॉर्निंगची खरी जागा ही आहे. जी चूक कमांड वाचतानाच दिसते तिला वॉर्निंग पुरेशी नाही. रात्री क्रॉनमधून आपोआप चाललेल्या कमांडची वॉर्निंग फार थोडे लोक वाचतात.

संदेशाच्या शब्दांकडेही दुर्लक्ष होऊ नये. चांगल्या संदेशात दोन्ही पर्यायांची नावे असतात आणि नाते कोणते ते कळते: हे दोन एकत्र चालत नाहीत, की याला तो लागतो. ‘विरोधी किंवा अनावश्यक पर्याय’ असा एक जुना संदेश पोस्टग्रेसमध्ये अनेक ठिकाणी दिसतो. नेमका कोणता पर्याय हे त्या वाक्यात नसते, दाखवलेल्या जागेवरून शोधावे लागते. शब्दांबरोबर एररचा कोडही एकसारखा नाही. कॉपीत बायनरीबरोबर विभाजक दिला तर ती वाक्यरचनेची चूक मानली जाते; सीएसव्ही नसताना अवतरणचिन्ह दिले तर ती सोय उपलब्ध नसल्याचा कोड येतो; ‘अ‍ॅनलाइझ’शिवाय ‘टायमिंग’ मागितले तर किमतीची चूक ठरते. चूक एकाच जातीची, कोड तीन. म्हणून आपल्या प्रोग्रॅममध्ये एकाच एरर-कोडवर भिस्त ठेवून ‘पर्याय जुळत नाहीत’ असे ठरवू नये.

ज्यांना स्वतः असे साधन लिहायचे आहे, म्हणजे केंद्राचे बिल काढणारी स्क्रिप्ट, बॅकअपचे बटण किंवा संस्थेच्या कारकुनासाठी केलेला छोटा प्रोग्रॅम, त्यांनी तपासणी एकाच जागी ठेवावी. पर्याय वाचताना अधूनमधून ‘जर-तर’ पेरले की क्रमाप्रमाणे निकाल बदलू लागतो. आधी सगळे वाचावे, प्रत्येकाची किंमत आणि तो मुद्दाम लिहिला होता का याची नोंद करावी, मग न लिहिलेल्यांना मूळ किमती द्याव्यात आणि शेवटी जोड्या तपासाव्यात. बारा पर्याय असतील तर जोड्या ६६ होतात. एवढ्यांचा तक्ता कागदावर एका बैठकीत करता येतो: चालते, चालत नाही, निरर्थक. निरर्थक म्हणून खूण केलेल्या जोड्यांवर खरा विचार करावा, कारण मुकाट्याने सोडून देण्याचा मोह तिथेच होतो. चाचणीत प्रत्येक नाकारलेली जोडी दोन्ही क्रमांनी आणि एकेक पर्याय आलटून पालटून बंद ठेवून चालवून पाहावी. २०२० मधली व्हॅक्यूमची विसंगती अशाच चाचणीत सापडली.

नियम नंतर सैल करणे सोपे आहे, कडक करणे अवघड. एक्स्प्लेनचा ‘बफर्स’ पर्याय पूर्वी ‘अ‍ॅनलाइझ’शिवाय चालत नसे; १३व्या आवृत्तीपासून तो एकटाही चालतो, कारण योजना आखतानाही बफर वापरले जातात आणि ते दाखवण्यात अर्थ आहे. या बदलाने कोणाचीही जुनी स्क्रिप्ट मोडली नाही. उलट ‘फ्रीझ’सारखा आजवर चाललेला पर्याय नाकारायला लागले की जुनी स्क्रिप्ट थांबते. म्हणून शंका असेल तेव्हा नव्या साधनात जोडी आधी नाकारावी, गरज दिसल्यावर उघडावी.

आता नुसते वापरणाऱ्यांसाठी. सॉफ्टवेअरने नकार दिला तरी तो वापरणाऱ्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. पोस्टग्रेसला कमांड देण्याच्या पीएसक्यूएल या साधनाला कमांडची फाइल दिली आणि तिच्यातली एक कमांड पर्याय न जुळल्याने नाकारली गेली, तर पीएसक्यूएल एरर छापून पुढच्या कमांडकडे जाते आणि शेवटी सगळे ठीक झाल्याचा, म्हणजे शून्याचा निकाल परत देते. ‘ऑन एरर स्टॉप’ हा चल चालू केला असेल तरच ते तिथे थांबते आणि ३ हा निकाल देते. रात्री आपोआप चालणाऱ्या प्रत्येक फाइलसाठी हा चल चालू ठेवावा. याला अपवाद करण्याचे कारण सहसा नसते.

बॅकअपचा धोका याहून मोठा आहे. लिनक्सवर अनेक जण पीजी डम्पचे फलित बाणाच्या चिन्हाने थेट फाइलमध्ये वळवतात, आणि फाइलचे नाव रोज तेच असते. शेल आधी ती फाइल रिकामी करतो आणि मग पीजी डम्प सुरू करतो. समजा कोणी सुधारणा म्हणून ‘क्लीन’ आणि ‘फक्त माहिती’ हे न जुळणारे पर्याय एकत्र लिहिले. पीजी डम्प लगेच नकार देते, योग्य तेच करते. पण तोवर कालचा चांगला बॅकअप शून्य बाइटचा झालेला असतो. डिस्क बिघडेपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही. बॅकअप नेहमी नव्या नावाच्या फाइलमध्ये काढावा, पीजी डम्पचा निकाल शून्य आला तरच तिला नेहमीचे नाव द्यावे, आणि काही दिवसांच्या जुन्या फाइली राखून ठेवाव्यात. बॅकअपची कमांड बदलली त्या दिवशी ती हाताने एकदा चालवावी आणि निघालेली फाइल दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून ओळी मोजाव्यात.

कमांड एका आवृत्तीवरून दुसरीवर नेताना वॉर्निंगसह सगळे संदेश एकदा वाचावेत. दोन पर्याय एकत्र द्यावेत की नाही याची शंका असेल तर चार ओळींचे चाचणीचे टेबल करून त्यावर आधी पाहावे; दूध केंद्राच्या चालू टेबलावर नाही.

आणि एखादी विसंगती सापडली, एका क्रमाने चालते आणि दुसऱ्याने नाही, किंवा पर्याय स्वीकारला पण काम झाले नाही, तर ती कळवावी. पोस्टग्रेस घडवणारी माणसे परकी नाहीत. पुण्यात पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबी या कंपनीचे कार्यालय आहे, आणि ११व्या आवृत्तीत पार्टिशन केलेल्या टेबलांचे जोड आणि बेरजा भागाभागाने करण्याच्या कामावर आशुतोष बापट आणि जीवन चाळके यांची नावे आहेत. कळवताना आवृत्तीचा क्रमांक, दोन्ही कमांड जशाच्या तशा, आलेला संदेश आणि अपेक्षित संदेश एवढे लिहावे. एप्रिल २०२० मध्ये व्हॅक्यूमचा नियम बदलायला असा दोन कमांडचा नमुना पुरेसा झाला होता.